तिसऱ्या शीलाचा पहिला शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बहिणीच्या लग्नात माझा बाप भर मंडपात पंचशील म्हणता म्हणता अडला, तेव्हा पुढचा शब्द मला येत होता. मी त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ उभा होतो. नुसतं पुटपुटलो असतो तरी भागलं असतं. मी गप्प राहिलो. नंतर सगळ्यांना सांगितलं की ऐनवेळी मलाही आठवलं नाही. लोकांनी ते खरं मानलं. बानं तर सगळ्यांच्या आधी मानलं.

वडलांना आम्ही बा म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो. लिहितानाही तेच ठेवतो. माणूस गेल्यावर अहो-जाहो सुरू केल्यानं काही भरून येत नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात मोडायचा, हिंगोली जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता. आमचं गाव हट्ट्याच्या जवळ. मी वसमतला कॉलेजात होतो, वसतिगृहात राहायचो आणि सुट्टी लागली की एसटीनं घरी यायचो. बा दुसऱ्यांच्या हळदीत राबायचा. काढणी, शिजवणी, वाळवणी, घासणी, सगळं. माझ्याहून दीडेक वर्षानं धाकटी असलेल्या बहिणीला त्या साली आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचं स्थळ आलं. घरची थोडी शेती होती, नवरदेवाचा मोठा भाऊ शाळेत मास्तर. आमच्या मानानं वरचं घर. लग्न उन्हाळ्याच्या शेवटी धरलं.

आमच्याकडं धर्मांतरानंतर लग्नं बौद्ध पद्धतीनं होऊ लागली होती, पण विधी सांगणारी माणसं थोडी. वसमतचे एक कारकून सगळ्या पंचक्रोशीत फिरायचे. त्यांना आमच्या तारखेला दुसरीकडं जायचं होतं. ते बाला म्हणाले, घरात कॉलेजातलं पोरगं आहे, त्याला सगळं पाठ आहे, त्यालाच उभं करा. मला आतून बरं वाटलं होतं हे आज कबूल करतो. वरपक्षातला तो मास्तर ऐकेल, माझे उच्चार शुद्ध आहेत हे त्याला कळेल, असलं काहीतरी डोक्यात होतं.

बानं ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मला म्हणाला, "मी म्हणतो. मला शिकव."

कारण त्यानं एकदाच सांगितलं. त्याच्या स्वतःच्या लग्नात जोशीबुवा वस्तीत आले नव्हते. पलीकडं बांधावर उभे राहून त्यांनी जे काय म्हणायचं ते म्हटलं, वाऱ्यानं ते भलतीकडंच गेलं. बा आणि माय इकडं अंतरपाटाआड उभे, कधी अक्षता टाकायच्या ते कळेना म्हणून एका पोराला बांधाकडं बघत ठेवलेलं. "माझ्या लग्नातलं मला आइकू आलं न्हाई," बा म्हणाला. "माझ्या लेकीला मी आइकवतो."

तर शिकवणं सुरू झालं. त्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून पुस्तिका हातात देऊन उपयोग नव्हता. सगळं तोंडानंच. त्रिशरण महिनाभरात आलं, कारण त्यात तेच ते पुन्हा पुन्हा येतं. घोडं अडलं पंचशीलावर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पंचशीलाची वाक्यं पाच. प्रत्येकाची सुरुवात वेगळी, शेवट मात्र पाचांचा एकच. तो शेवट बाला असा काही आला की विचारू नका. 'समादियामि' म्हणताना त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. पण शेवट झाला की पुढं कुठं जायचं ते त्याला कळायचं नाही. पाच घरांना एकच मागचं दार असावं तसं व्हायचं. दुसऱ्यातून बाहेर पडला की चौथ्यात शिरायचा, नाहीतर वळून पुन्हा दुसऱ्यातच.

आणि रोज नवीन. आज सकाळी पाचही बिनचूक म्हणायचा, मी खूश व्हायचो. संध्याकाळी विचारावं तर पाटी कोरी.

"सकाळी आलं व्हतं ना बा?"

"आलं व्हतं."

"मग आता कुठं गेलं?"

"मला काय ठाव. मी काय त्याला दाव्यानं बांधलं व्हतं?"

मला याचा इतका वैताग यायचा की उठून चालू लागायचो. आमच्या कॉलेजात एक प्राध्यापक मानसशास्त्र शिकवायचे. त्यांचं ठाम मत होतं की माणसाच्या मेंदूला तळ नाही, जेवढं ओताल तेवढं मावतं, न शिकणारा माणूस म्हणजे शिकायचं नसलेला माणूस. ते मी वहीत उतरवून घेतलं होतं आणि बावर लावत होतो. म्हणजे याला मन नाही. म्हणजे हा लक्ष देत नाही. दिवसभर हळदीच्या वाफेत उभ्या राहिलेल्या पन्नाशीच्या माणसाला मी रोज सांगायचो की तू लक्ष देत नाहीस. त्या प्राध्यापकांना एकदा आमच्याकडं आणून बासमोर बसवायला हवं होतं. आठ दिवसांत त्यांनीच तळ शोधून काढला असता.

माय मधूनच टोमणा मारायची. "म्हाताऱ्याला शाळेत घालून राहिलास व्हय? छडी आणून देऊ का?" बा तिच्यावर खेकसायचा आणि मग माझ्यावर.

एक जागा होती जिथं त्याला जमायचं. हळद वाळली की ती घासावी लागते, वरची साल निघून पिवळी व्हावी म्हणून. लोखंडी जाळीच्या ढोलात भरायची आणि दोन बाजूंनी दोघांनी दांडा फिरवायचा. सुट्टीत मी त्याच्यासमोर दांड्याला लागायचो. ढोल फिरू लागला की बाच्या तोंडून वाक्यं सुटायची, फेऱ्याच्या तालावर. आम्ही दोघं डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, हळदीची धूळ नाकातोंडात, आणि बा म्हणतोय. तिथंही एक गोम होती. प्रत्येक शीलाचा पहिला शब्द मी टाकायचो. तो मिळाला की पुढचं सगळं तो ओढून न्यायचा. पहिला शब्द नाही मिळाला तर ढोल फिरत राहायचा आणि बा नुसता बघत राहायचा.

लग्नाला आठवडा उरला तरी हे असंच होतं. शेवटी मी हात टेकले. म्हटलं बा, हे तुझ्या डोक्यात राहायचं नाही, सोड, मी म्हणतो. तो उठून अंगणात जाऊन बसला, पाठ करून. मला त्याचाही राग आला, कारण आता समजूतही मलाच काढावी लागणार. गेलो आणि म्हणालो की एक करू. तू उभा राहा, मी शेजारी राहतो, पहिला शब्द हळूच सांगतो. कुणाला कळायचं नाही.

"बराबर सांगशील?"

"सांगतो ना."

"न्हाई, आत्ताच बोल. सांगणार असशील तर उभा राहतो. न्हाई तर तूच म्हण बाबा. पोरीच्या सासरच्यांपुढं मला हसं करून घ्यायचं न्हाई."

"सांगतो म्हणलं ना बा."

तो माझ्या या शब्दावर उभा राहिला. एवढं वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं, कारण पुढं सगळ्यांनी ते सोडून बाकीचं लक्षात ठेवलं.

लग्नाच्या दिवशी गोरेगावची मंडळी सकाळी ट्रकनं आली. चहापाणी झालं. मी पाण्याचा हंडा घेऊन मंडपामागनं चाललो होतो तेव्हा बाचा आवाज कानावर आला. मास्तरांनी त्याला विचारलं असावं की विधी कोण करणार. बा सांगत होता की मीच. मास्तर म्हणाले, वा, मुलानं शिकवलं वाटतं. तर बा म्हणाला, "पोरगं काय शिकवतंय. त्याला टाइम कुठाय. मीच आइकून आइकून तोंडपाठ केलं."

दोन-तीन माणसं कौतुकानं हसली. मी हंडा घेऊन पुढं गेलो. तो माझा बाप होता, लेकीच्या सासरच्यांपुढं दोन शब्द मोठं बोलत होता, त्यात माझं काय जात होतं? हे मला आज कळतं. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की इतके दिवस मी ढोलाला लागून घसा कोरडा केला आणि हे असं.

विधीला उभे राहिलो. समोर मूर्ती, मेणबत्त्या, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात. रीत अशी की विधी सांगणारा एकेक वाक्य म्हणतो आणि सगळा मंडप ते त्याच्यामागून म्हणतो. त्रिशरण झालं. बाचा आवाज खणखणीत होता. पहिल्या शीलाचा शब्द मी दिला, त्यानं उचलला. दुसऱ्याचा दिला. तो जरा मोठ्यानं गेला असावा, कारण पुढच्या रांगेतल्या एकानं माझ्याकडं बघितलं. बानं मला कोपरानं ढोसलं. गप, लोक ऐकतात, अशा अर्थी.

तेवढं निमित्त मला पुरलं. मी मनात म्हणालो, बरं. तोंडपाठ आहे ना. म्हण मग.

दुसरं शील संपलं. मंडपानं ते म्हटलं. मग शांतता. बा थांबला, आणि मग मागच्या दारानं फिरून पुन्हा दुसऱ्यातच शिरला. मंडप इमानदारीनं तेही म्हणाला. निम्म्या लोकांना कळलंच नाही, आणि ज्यांना कळलं त्यांना वाटलं असेल की दोनदा म्हणायचं असतं. पुन्हा शांतता. आता बाचं कोपर पुन्हा मला लागलं. पहिल्यांदा ते गप बस म्हणणारं होतं. या वेळी सांग म्हणणारं होतं. दोन्हींतला फरक मला अगदी स्वच्छ कळला. 'कामेसु'. तीन अक्षरं. जिभेच्या टोकावर होती. मी समोरच्या मेणबत्तीकडं बघत राहिलो.

बानं तिसऱ्यांदा दुसरं शील म्हटलं. या वेळी मंडपातून नीट आवाज आला नाही. मागं पोरं खिदळली, बायकांत कुजबुज झाली. त्याच्या हातांना काहीतरी धरायला हवं होतं, जोडलेले हात एकमेकांवर घासत होते. मास्तर माझ्याकडं बघत होते. नवरीचा भाऊ उभा आहे, तो सांगेल, आपण वरपक्षाकडून मधे कशाला बोला, असा त्यांचा विचार असणार. थांबून थांबून शेवटी त्यांनीच तिसरं शील म्हटलं, चौथं म्हटलं, पाचवं म्हटलं, पुढचा सगळा विधीही त्यांनीच केला. बा तिथंच उभा राहून बाकीच्यांसारखा त्यांच्यामागून म्हणत राहिला. बहीण मान खाली घालून उभी होती. तिचा चेहरा मला दिसला नाही.

मंडळी गेल्यावर, ऊन उतरत होतं तेव्हा, बा माझ्याजवळ आला. चिडलेला नव्हता. घाबरल्यासारखा होता.

"काय झालं रे तुला?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "मलाच आठवलं न्हाई बा."

"तुला?"

"व्हय."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या तोंडावरचा ताण उतरला. "मंग माझं काय घेऊन बसायचं," तो म्हणाला. "कॉलेजातलं डोकं अडकतंय, तिथं हे हळदीतलं डोकं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला समजावत होता तो. होतं असं, बहिणीच्या लग्नात जीव घाबरा होतो, म्हणाला.

तेव्हापासून तो ही गोष्ट सांगत सुटला. पारावर, हळदीच्या कढईपाशी, बाजाराला जाताना. माझं पोरगं, एवढं शिकलेलं, तेबी विसरलं. आपण माणसं आहोत, किती राहणार डोक्यात. एका चुलत्यानं चेष्टाही केली की म्हातारा विसरला-बिसरला काही नाही, तिसरं शील व्यभिचाराचं, ते लेकीसमोर म्हणायला लाजला. सगळे हसले, बासुद्धा हसला. मला मात्र या सगळ्याचा संताप यायचा, कारण पंचशील न येणारा कॉलेजवाला म्हणून माझं नाव झालं. काय माणूस असतो बघा. स्वतः पसरवलेलं खोटं, आणि त्यानं आपली अब्रू जाते म्हणून चिडायचं.

बा हसला खरा, पण पुन्हा कधी पुढं झाला नाही. कुणाच्या घरी कार्यक्रम असला की मागं, भिंतीला टेकून बसायचा. सगळे म्हणायचे तेव्हा त्याचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. घरीसुद्धा नाही. तो मोठा 'समादियामि' पुन्हा ऐकू आला नाही.

आणि बहिणीला काय मिळालं ते ऐका. दुसरं शील म्हणजे चोरी करणार नाही, हे. तिच्या सासूला ते चांगलं ठाऊक होतं. घरात वाटी सापडेना, गूळ कमी दिसला, की सासू शेजारणीसमोर म्हणायची, "हिच्यावर वहीम नका घेऊ बाई. हिच्या बापानं मंडपात तीन तीनदा बजावलंय तिला." दुष्ट बाई नव्हती, गमत्या स्वभावाची होती, पण गंमत वर्षानुवर्षं चालली. जावा म्हणायला लागल्या, दीर म्हणायला लागले. पुढं तिची स्वतःची लेकरंही म्हणायला लागली. बहीण हे सगळं बाच्या नावावर लिहीत गेली. भांडली कधी नाही. दिवाळीला यायची, मायपाशी बसायची, माझ्याशी बोलायची. बा आत आला की काहीतरी काम काढून उठायची. बाला ते कळायचं. तो मला विचारायचा, पोरगी अशी काहून करून राहिली? मी म्हणायचो, काही नाही, संसाराचा व्याप.

मध्यंतरी आमच्या ऑफिसात सगळ्यांना कॉम्प्युटर शिकणं सक्तीचं झालं. मी पन्नाशीला आलो होतो. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. कालचं आज आठवायचं नाही. फाइल कुठं ठेवली ते सापडायचं नाही, मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. ती बिचारी म्हणायची, सर, कालच सांगितलं ना. तिच्या आवाजात जो वैताग होता तो माझ्या ओळखीचा होता. इथं मला एकदम बाची आठवण आली आणि डोळे उघडले, असं लिहिणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. माझे डोळे मंडपातही उघडेच होते. बाला येत नाही ते त्याच्या हातात नाही, हे मला ढोलापाशीच कळलं होतं. शिकून न आलेल्या माणसावर चिडणं चूक आहे एवढी साधी गोष्ट समजायला मला कॉम्प्युटरची गरज नव्हती. आणि मी काही त्याच्या न येण्यामुळे गप्प राहिलो नव्हतो. त्यानं माझं नाव घेतलं नाही म्हणून गप्प राहिलो.

शेवटच्या वर्षात बाच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत गेली. आधी नातवंडांची नावं, मग गावं, मग माय आहे की गेली तेही. राहिली ती एकच गोष्ट. कुणी भेटायला आलं की माझ्याकडं बोट करून सांगायचा, ह्यो माझा पोरगा, लई शिकला, पण बहिणीच्या लग्नात विसरला. आणि हसायचा. मी शेजारी बसून मान हलवायचो. कधी कधी वाटायचं ओरडून सांगावं, नव्हतो विसरलो. पण आता त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं, तेही काढून घेऊ?

तो गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते. शेजारच्या गावातला एक तरुण वंदना घ्यायला आला होता, चांगलं म्हणत होता. तिसरं शील आलं तेव्हा मला शेजारी बसलेल्या बहिणीकडं बघवलं नाही. तीच माझ्याकडं झुकली.

"दादा, येत नव्हतं तर काहून उभा राहिला व्हता बा?" तिनं हळू विचारलं. "तू व्हतास ना. तुला पुस्तिका बघून म्हणू दिलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं?"

आवाजात राग उरला नव्हता. आयुष्यभर विचारून थकलेल्या माणसाचा प्रश्न होता तो. मी म्हणालो, हौस होती त्याला. ती म्हणाली, "हौस त्याची आणि भोगलं मी," आणि पदरानं तोंड पुसून पुढचं म्हणू लागली.

हे लिहून मोकळा झालो असं मला वाटत नाही, कारण ती वाचत नाही आणि कुणी तिला वाचून दाखवील असंही नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. बा हौसेनं उभा राहिला नव्हता. तो माझ्या शब्दावर उभा राहिला होता, आणि मी शब्द मोडला. गोरेगावला जाऊन, तिच्यासमोर बसून, हे माझ्या तोंडानं तिला सांगणं माझ्यावर आहे. अजून मी गेलेलो नाही.